‘चष्मा विसरलो, बाई’

वाचकांचे प्रश्न : वाचन-लेखनातल्या अडचणी आणि विशेष शिक्षण

संपादकांचा माणूस पत्रांचं पुडकं घेऊन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. पहिलं पत्र उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि एक कढई करपली. एकूण तेवीस पत्रं आहेत. त्यांतली एकोणीस ‘मुलगा तसा हुशार आहे, पण’ अशी सुरू होतात. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, सहा निवडलीत. नाव छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही, पत्राखाली दिसतंय ते सोलापुरातल्या वस्तीचं नाव आहे.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, मराठी शाळेत. घरी आम्ही तेलुगू बोलतो. वाचताना फार अडतो. ‘धर’ला ‘दर’ लिहितो, ‘भाकरी’ला ‘बाकरी’. सत्तावीस लिही म्हटलं की ७२ लिहितो. शाळेतल्या मॅडम म्हणतात डिस्लेक्सिया असेल, म्हणजे डोकं चालतं पण वाचता-लिहिता अडतं. शेजारच्या अक्का म्हणतात, घरी मराठी बोला, आपोआप सुधारेल. मी विड्या वळते, त्याचे वडील लूमवर जातात. वहीच्या पानांची झेरॉक्स जोडली आहे. — विडी घरकुल

ताई, झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. एरवी पालक मार्कलिस्ट पाठवतात. तिच्यावरून मला फक्त एवढंच कळतं की मार्क कमी आहेत, आणि ते त्यांनाही ठाऊक असतं.

चारही पानं मी दोनदा वाचली. पहिल्या दोन पानांवरच्या चुका तुमच्याकडून आलेल्या आहेत, रागावू नका. बोलीतल्या तेलुगूत ख, घ, ध, भ यांतला हकार बऱ्याचदा गळतो. ‘खडू’चा ‘कडू’, ‘घर’चं ‘गर’, ‘भाकरी’ची ‘बाकरी’. मुलगा जसं बोलतो तसंच लिहितोय. म्हणजे कानावर आलेला आवाज कागदावर उतरवायचं काम त्याला जमतंय. ‘ती आला’ हेसुद्धा तसंच. मराठीतलं लिंग तेलुगू घरातल्या मुलाला उशिरा साधतं, आणि त्याला कुठल्याही डॉक्टरची गरज नसते.

तिसऱ्या पानावर मात्र मी थांबले. ‘बाजार’ हा शब्द तिथे तीनदा आलाय. एकदा ‘बाजर’, एकदा ‘जाबर’, एकदा ‘बजरा’. तोंडानं तो ‘बाजार’ नीट म्हणतो ना? म्हणतच असणार, मंगळवारचा बाजार सोलापूरच्या पोरांना कुणी शिकवावा लागत नाही. जे तोंडात बरोबर आहे ते कागदावर एकाच पानात तीन तऱ्हांनी बिघडत असेल, तर ती चूक घरच्या भाषेची नाही. मी एवढ्याशा वहीवरून डिस्लेक्सिया आहे असं म्हणणार नाही, कुणी म्हणूही नये. पण तपासणी करून घ्या, हे नक्की म्हणेन.

त्याआधी घरी एक करून बघा, आणि तेलुगूतच करा. त्याला विचारा, ‘पलक’मधला (म्हणजे पाटीमधला) ‘प’ काढला तर काय उरलं? मग यमकं जुळवायला सांगा, तुमच्या आजी म्हणायच्या त्या गाण्यातली. चौथीतल्या मुलाला हा खेळ जमायला हवा. तेलुगूतही तो यात गोंधळत असेल तर अडचण भाषेच्या खालच्या थरात आहे, आवाज सुटे करण्याच्या कामात. आणि त्याच्या वडिलांना, काकांना विचारा, त्यांची शाळा कशी होती. ही गोष्ट घराण्यात चालत येते. ‘मला पण लिहायचा कंटाळा होता’ असं कुणी हसत हसत म्हणालं तर ते नीट ऐकून घ्या.

अक्कांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं ऐकू नका. ज्या भाषेत तो दिवसभराची गोष्ट सांगतो, भांडतो, खोटं बोलतो, ती काढून घेतलीत तर हातात काही उरणार नाही.

आता ७२ चं. तेलुगूत सत्तावीसला काय म्हणता? इरवै एडु. आधी वीस, मग सात. कन्नडमध्येही इप्पत्तेळु, आधी वीसच. मराठीत मात्र ‘सत्तावीस’, सात आधी. तो जे आधी ऐकतो ते आधी लिहितो, यात त्याचं काय चुकलं? २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेत त्यावरून कोट्या झाल्या. मी तेव्हा नुकतीच निवृत्त होत होते आणि घरात एकटीच टीव्हीशी भांडत होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत निम्म्या घरांत पोरं ‘वीस सात’ आजीकडून शिकूनच शाळेत येतात हो! दोन्ही शिकवावं, आधी ‘वीस सात’ आणि मग ‘सत्तावीस’.

संध्याकाळी तुम्ही जुड्या मोजता तेव्हा त्याला शेजारी बसवा. विडी वळायला मुळीच नाही, फक्त मोजायला. पंचवीसची एक जुडी, चार जुड्यांचे शंभर, चाळीस जुड्यांचे हजार. हाताला लागणारा आकडा पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त टिकतो.

तपासणीला जाल तेव्हा घरची भाषा तेलुगू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. समोरच्यानं इंग्रजीतली चाचणी काढली तर ‘मराठीतली नाही का?’ असं विचारायला लाजू नका. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली ‘डाली’ नावाची चाचणी आणली. ती मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे.

प्रश्न : बाई, मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. समावेशित शाळेचा, म्हणजे सगळी मुलं एकत्र शिकतात त्या शाळेचा, पेपर मला सगळ्यांत आवडला. पुढे विशेष शिक्षणातच जावं असं वाटतं. घरचे म्हणतात, मतिमंदांच्या शाळेत नोकरी करणार का? तुम्ही या विषयाकडे कशा वळलात? आणि नोकऱ्या आहेत का? — दमाणी नगर

घरच्यांना आधी सांग की डिस्लेक्सियाचा आणि बुद्धी कमी असण्याचा संबंध नाही. मग हेही विचार, की ‘मतिमंदांच्या शाळेत’ नोकरी केली तर बिघडलं कुठे? तो शब्द आता कायद्यातून गेलाय, बौद्धिक अक्षमता म्हणतात. घरांतून जायला वेळ लागेल.

मी या विषयाकडे वळले ती एका मुलाची वही तपासून. वळले म्हणजे लगेच नाही, दहा वर्षांनी.

१९८१ साली मी पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी विचारलं की सगळ्यांच्या आधी हात वर. गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेवरून, आला की नंदीध्वज कुठल्या गल्लीतून कसे वळले, कुठे थांबले, हे असं सांगायचा की वर्ग गप्प. आणि लिहायला बसला की काही नाही. वहीत अर्धं पान, तेही खोडलेलं. मी त्या वहीवर लाल शाईनं लिहायची, ‘मन लावून लिही’. ‘निष्काळजीपणा’. ‘पुन्हा तेच!’ ती वही माझ्याकडे आहे. कशी राहिली आठवत नाही, बहुतेक तपासायला घरी आणली आणि तोवर त्यानं शाळा सोडली. सातवीच्या सहामाहीनंतर तो सुताच्या कांड्या भरायला लागला. लूमवर पोरगं हवंच असतं, आणि शाळेत आम्ही त्याला थांबवून ठेवावं असं काही केलेलं नव्हतं. त्या वहीत मी ‘मन लावून लिही’ अकरा वेळा लिहिलंय. नंतर मोजलं.

१९८९ साली मी शिक्षणशास्त्र महाविद्यालयात लागले. तेव्हा आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होतो, सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ साली मिळालं. विशेष मुलांचा पेपर ऐच्छिक होता. शिकवायला कुणी तयार नव्हतं, मी सर्वांत नवी, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. पहिल्या वर्षी चार विद्यार्थी, त्यांतले दोघे दुसऱ्या पेपरला जागा नव्हती म्हणून आलेले. प्राचार्यांनी विचारलं, ‘बाई, चौघांसाठी तास लावायचा का?’ मी म्हटलं, लावा. विषयाची गोडी वगैरे काही नव्हती. कामाचे तास भरायचे होते.

मग मुंबईला एका अल्पमुदतीच्या वर्गाला गेले. रात्रीच्या गाडीनं जायचं, रविवारी परत. तिथे एक झेरॉक्स मिळाली, १८९६ सालच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका टिपणाची. लिहिणारे डॉक्टर होते प्रिंगल मॉर्गन. इंग्लंडमधला पर्सी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा, चलाख, खेळात कुणाच्या मागे नाही, फक्त वाचता येत नाही. त्याचे मास्तर म्हणतात, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आणि हा पर्सी स्वतःचं नाव लिहिताना ‘प्रेसी’ लिहितो, मधली अक्षरं उलटी. पुन्हा पुन्हा विचारल्याशिवाय त्याला चूक दिसतच नाही.

ते वाचून मी झेरॉक्स बाजूला ठेवली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. माझ्या त्या मुलानं स्वतःचं आडनाव तीन परीक्षांत तीन तऱ्हांनी लिहिलं होतं. मी तिन्ही वेळा गोल करून अर्धा अर्धा मार्क कापला होता.

तो मला पुन्हा भेटला १९९७ साली, एका सरकारी खिडकीपुढच्या रांगेत. मागून आवाज आला, ‘बाई, चष्मा विसरलो. एवढा फॉर्म भरता का जरा?’ मी वळून न बघताच कागद घेतला. नाव सांगा म्हटलं, त्यानं सांगितलं, आणि माझं पेन थांबलं. तिशीसुद्धा नव्हती त्याची. चष्मा रोज लावणाऱ्याच्या नाकावर दोन्ही बाजूंना खळगे पडतात. याचं नाक कोरं होतं. मी काही बोलले नाही. मुलीच्या दाखल्याचा फॉर्म होता तो, मी भरला. त्यानं मला ओळखलं होतं की ‘बाई’ आपलं सगळ्यांना म्हणतात तसं म्हटलं, हे अजून कळलेलं नाही. सही करताना त्यानं पेन मुठीत धरलं, आणि आडनाव चौथ्या तऱ्हेनं लिहिलं.

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली. व्याख्या, प्रकार, कारणं हे सगळं शेवटी. बर्लिन या जर्मन डॉक्टरांनी १८८७ साली डिस्लेक्सिया शब्द वापरला, सॅम्युअल कर्क यांनी १९६३ साली अमेरिकेत ‘अध्ययन अक्षमता’ म्हणायला सुरुवात केली, हे परीक्षेला येतं, ते पाठ कर. माझ्या वर्गात मात्र पहिल्या दिवशी प्रत्येकानं एका मुलाची जुनी वही आणायची, आणि त्यातल्या चुका उतरवून काढायच्या. बरोबर काय ते लिहायचं नाही. चूक कशी घडली असेल एवढंच लिहायचं. महिना महिना आम्ही तेवढंच करायचो. विद्यार्थी कुरकुरायचे, ‘मॅडम, पोर्शन कधी?’ अशा चुकांच्या वह्यांची एक पत्र्याची पेटी माझ्या माळ्यावर आहे. माझ्या नावावर पुस्तक नाही, तेवढी पेटी आहे.

आता नोकरीचं. साधं बी.एड. पुरणार नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं विशेष शिक्षणाचं बी.एड. कर, ते दोन वर्षांचं आहे. मग परिषदेकडे नोंदणी, तो क्रमांक असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पुढे एम.एड. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि माध्यमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा. कागदावर पाहिलं तर गरज अफाट आहे. प्रत्यक्षात माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं करारावर, मानधनावर काम केलंय, आणि मानधन वेळेवर मिळालं नाही म्हणून फोन करून रडलेत. हे माहीत असू दे. तरीही यायचं असेल तर ये, माझी पेटी तुला देईन. माळ्यावरून तू काढायचीस, माझे गुडघे गेलेत.

प्रश्न : मुलगा नववीत, इंग्रजी माध्यम, राज्य मंडळ. मराठी बरं वाचतो, इंग्रजीत कोसळतो. शाळेनं तपासणी करून घ्या म्हटलं. पण प्रमाणपत्र म्हणजे दिव्यांगाचा शिक्का. पुढे नोकरी, लग्न? शिवाय जादा वेळ आणि लेखनिक घेऊन पास होणं मला पटत नाही. — होटगी रोड

साहेब, तुम्हाला पटण्याचा प्रश्न शेवटी घेऊ. आधी माहिती.

१९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, डिस्लेक्सिया त्यात नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, आली. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज करायचा, मग शासकीय रुग्णालयात तपासणी. आधी बालरोगतज्ज्ञ डोळे आणि कान बघतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं तयार केलेली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आठव्या वर्षानंतर पहिली तपासणी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा, असं ठरलं होतं. त्याच वर्षी लेखी परीक्षांसाठी केंद्रानं ताशी किमान वीस मिनिटं जादा वेळ सांगितला. मंडळाच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत पुण्याच्या विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचा फॉर्म भरायच्या आठवड्यात धावत सुटू नका, आत्ताच मुख्याध्यापकांना भेटा.

लेखनिक मिळाला म्हणून पेपर सुटत नाही. ज्यानं आयुष्यात कधी उत्तर बोलून सांगितलं नाही तो ऐन परीक्षेत सांगायला लागला की वाक्य अर्धवट सोडतो, लेखनिक बसून राहतो. दिवाळीपासून रोज एक उत्तर सांगायचा सराव करा, तुम्ही लिहा. तुमचा हात दुखेल तेव्हा कळेल यात फुकट काही नाही.

मराठी बरं वाचतो आणि इंग्रजीत कोसळतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणून शाळेला वाटलं असेल की इंग्रजी कच्चं. मराठीत जसं लिहिलं तसं बहुतेक वाचता येतं, म्हणून इथे असा मुलगा हळू पण बरोबर वाचतो आणि सुटून जातो. इंग्रजी स्पेलिंग त्याला उघडं पाडतं. त्याला मराठीतला एक परिच्छेद द्या, घड्याळ लावा, मग तोच त्याच्या मित्राला द्या आणि दोघांचा वेळ ताडून बघा.

आणि शिक्का. एका वडिलांनी मुलाचं प्रमाणपत्र कपाटात, गाडीच्या कागदांखाली ठेवलं होतं. मुलाला सांगितलंच नाही. बारावीत नापास झाल्यावर त्याला ते सापडलं. तो माझ्याकडे आला तेव्हा एवढंच म्हणाला, ‘मला वाटायचं मी ढ आहे. मी ढ नाही हे यांना माहीत होतं.’ शिक्का तर लागलेलाच असतो साहेब, ‘ढ’ म्हणून. तुमच्या मुलाला विचारलंत का, तो काय म्हणतो? पत्रात त्याचं एकही वाक्य नाही.

प्रश्न : नातू तिसरीत. एका क्लासवाल्यानं सांगितलं, तीन महिन्यांत मेंदू जागृत होईल, डोळे बांधून वाचेल. फी बावीस हजार. रंगीत काचेचा चष्माही घ्यावा म्हणाले. घ्यावा का? — जुळे सोलापूर

नाही. दोन्ही नाही.

आजोबा, डोळे बांधून कुणी वाचत नाही, पट्टीखालून बघतात. रंगीत काचांनी डिस्लेक्सिया जात नाही. डिस्लेक्सिया शब्द काढणारे बर्लिन स्वतः डोळ्यांचे डॉक्टर होते, तेव्हापासून हा घोळ चालू आहे. अडचण डोळ्यात नसते, अक्षर आणि आवाज यांची गाठ मारण्यात असते. नंबर असेल तर साधा चष्मा घ्या, तेवढं तपासून घ्याच.

बावीस हजार वाचले. आता तुम्ही वाचा. रोज पंधरा मिनिटं नातवाला शेजारी घ्या, एकच पुस्तक, दोघांनी एकदम मोठ्यानं वाचायचं, तुमचं बोट ओळीखाली. त्याला वाटलं आपण एकट्यानं वाचतो, तर तो तुमच्या हाताला टिचकी मारेल, तुम्ही गप्प व्हायचं. अडला की तीन सेकंद थांबायचं, शब्द सांगायचा, पुढे जायचं. ‘अरे काल तर आला होता’ असं म्हणायचं नाही. हे आजोबांनाच जमतं. आई-बापांना तीन सेकंद थांबता येत नाही.

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. तिसरी-चौथी एकत्र, चौतीस मुलं, बहुतेकांच्या घरी कन्नड. पाच-सहा मुलं जोडाक्षराला आली की ठप्प. तज्ज्ञ सांगतात वैयक्तिक लक्ष द्या. कधी देऊ? — एक शिक्षक

गुरुजी, तज्ज्ञांनी चौतीस मुलं एका खोलीत सांभाळली आहेत का, हे त्यांना माझ्या वतीनं विचारा.

आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं, त्या सहा जणांना एका सतरंजीवर घ्या. बाकीच्यांना चित्र काढू दे, पाढे म्हणू दे, कलकलाट होऊ दे. हाताशी मूठभर चिंचोके ठेवा.

‘कर्म’ आणि ‘क्रम’ घ्या. या दोन शब्दांवर मी एक अख्खा आठवडा घालवलाय. फळ्यावर काही लिहू नका. आधी हळू म्हणा, क… र्… म. प्रत्येक आवाजाला एक चिंचोका मुलानं पुढे सरकवायचा. मग क्… र… म. ‘र’चा चिंचोका वेगळ्या रंगाचा ठेवा, खडूनं घासला तरी चालेल. पहिल्या शब्दात ‘र’चा आवाज अर्धा आणि दुसऱ्यात ‘क’चा अर्धा, हे कानाला पटलं पाहिजे. अर्ध्या आवाजाचा चिंचोका पुढच्याला चिकटवायचा. हे तोंडी जमल्यावरच लिहून दाखवा, आणि तेव्हा कबूल करा की लिहिताना गंमत आहे. ‘कर्म’मधला ‘र’ आधी ऐकू येतो पण जाऊन बसतो ‘म’च्या डोक्यावर. ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते आणि नंतर वाचायची. मूल डावीकडून उजवीकडे इमानदारीनं वाचत असेल तर ते इथे फसणारच. फसलं म्हणजे त्याचं डोकं चालतंय. तुम्हाला कन्नड लिपी येत असेल तर आठवा, तिथलं अर्कावत्तु, म्हणजे आपला रफार, अक्षराच्या उजवीकडे बसतं. या दोन्ही लिप्यांत ‘र’ हा असाच जागा बदलणारा पाहुणा आहे.

‘घ-ध’ आणि ‘भ-म’ची गल्लत असेल तर अक्षर शंभरदा गिरवायला लावू नका. डोक्यावरची रेघ कुठे तुटते तेवढंच दाखवा. ध आणि भ यांच्या डोक्यावर फट असते. एका मुलीनं मला सांगितलं होतं, ‘बाई, ‘ध’च्या डोक्यावरचं पत्र्याचं छप्पर उडालंय.’ तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

आणि कृपा करून या सहा जणांना वर्गापुढे उभं करून वाचायला लावू नका. आपल्याकडे रांगेनं एकेक परिच्छेद वाचायची पद्धत आहे. अशी मुलं पुढच्या मुलांची डोकी मोजून आपला परिच्छेद कुठला येणार ते काढतात आणि तोवर तो पाठ करत बसतात. मधेच कुणी गैरहजर निघालं की हिशेब चुकतो. चेहरा बघा तेव्हाचा.

प्रश्न : मी नवी पेठेत कापडाच्या दुकानात आहे, वय बावन्न. मला वाचता येत नाही. सहावीपर्यंत शाळा झाली आहे. मालकाला माहीत नाही. मीटर, भाव, गिऱ्हाईक सगळं तोंडपाठ आहे. आता बिलं मोबाइलवर आलीत. हे पत्र मुलीकडून लिहून घेतलंय. या वयात काही होईल का?

दादा, मुलीला सांगितलंत हे मोठं काम झालं. बायकोला माहीत होतं की तिलाही आत्ता कळलं?

तुम्ही विचारलंत, या वयात काही होईल का? हो, होतं. या वयात वेग फारसा येणार नाही, पण बिलावरचे शब्द किती? सुती, टेरीकॉट, पन्ना, मीटर, एकूण, सूट. पन्नास-साठच्या वर नाहीत. मुलीला प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी करायला सांगा आणि तिच्यामागे त्या कापडाचा तुकडा चिकटवा. दुकानात कात्रणं पडलेलीच असतात. बोटाला कापड आणि डोळ्याला शब्द एकदम लागू दे. रोज पाच चिठ्ठ्या, जुन्या पाच परत. मोबाइलमध्ये लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची सोय असते, मुलगी लावून देईल. कानात एक वायर घातली की मालकाला वाटेल गाणी ऐकताय.

दुकानात कुणी कागद पुढे केला तर काय म्हणता तुम्ही? चष्मा विसरलो? मी एका माणसाला हे म्हणताना ऐकलंय, आणि त्याला त्या दिवशी काही विचारायचं राहून गेलं. पूर्व भागातला होता, तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल आता.

मंगळवारी दुकान लवकर बंद होत असेल तर या. पत्ता संपादकांकडे आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दारावर पाटी आहे पण ती वाचायची गरज नाही, निळं दार एकच आहे.